वाचकांचे प्रश्न : मुंबई-पुण्यात खरा मानसशास्त्रज्ञ कसा शोधायचा?

मानसिक आरोग्याबद्दल येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो : शहरात पाट्या भरपूर दिसतात, पण भरवसा कोणावर ठेवायचा? त्यासाठी हे संपूर्ण सदर याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर करून छापली आहेत.

प्रश्न : माझे दीर ३६ वर्षांचे आहेत. तासन्‌तास हात धुतात, गॅसचं बटण पुन्हापुन्हा तपासतात, त्यापायी रोज लोकल चुकते. स्टेशनाजवळ दोन ठिकाणं आहेत. एका पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ आहे आणि पुढे फक्त ‘सायकॉलॉजिस्ट’. दुसरीवर ‘एम.ए. सायकॉलॉजी, सर्टिफाइड हिप्नोथेरपिस्ट, लाइफ कोच’ असं लिहिलंय. डॉक्टरांना असतो तसा यांना सरकारी परवाना असतो का? तो बघायचा कुठे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्याकडे सगळ्या मानसशास्त्रज्ञांना मिळून एकच परवाना नाही, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘सायकॉलॉजिस्ट’, ‘काउन्सेलर’, ‘थेरपिस्ट’ हे शब्द पाटीवर कोणीही लावलेले दिसतात. ज्यांच्यासाठी ठोस कायदा आणि सरकारी नोंदवही बऱ्याच वर्षांपासून आहे ते म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आर.सी.आय., त्यांची नोंद ठेवते. मान्यताप्राप्त शिक्षण आणि या नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय कोणी व्यवसाय केला तर कलम १३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम इतकी जुनी राहिली आहे की तिचा धाक वाटत नाही. म्हणून तपासणी आपली आपणच करायची.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नेहमीचं शिक्षण असं : मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी., आणि त्यावर क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. ही दोन वर्षं वर्गापेक्षा रुग्णालयात जास्त जातात. प्रत्यक्ष रुग्ण तपासायचे, चाचण्या घ्यायच्या, उपचार करायचे आणि प्रत्येक केस वरिष्ठांपुढे मांडायची. काहींनी याऐवजी साय.डी., म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट केलेली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली, पण या विषयाला २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांसाठी सवलत दिली. त्यामुळे पुढच्या काळात पदव्यांची नावं बदललेली दिसतील, आर.सी.आय.ची नोंद मात्र पाहायचीच. एक वर्षाचा व्यावसायिक डिप्लोमाही आहे. तो केलेल्यांची नोंद ‘असोसिएट’ म्हणून होते आणि त्यांनी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करणं अपेक्षित असतं.

तपासायचं कसं? फोनवरच विचारा : ‘तुमचा सी.आर.आर. नंबर सांगाल का?’ सी.आर.आर. म्हणजे आर.सी.आय.ची केंद्रीय नोंदवही. नोंद असलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. बहुतेकांच्या पावतीवर, लेटरहेडवर तो नंबर छापलेलाच असतो. मग परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत व्यावसायिक शोधण्याची सोय आहे, तिथे नंबर किंवा नाव घाला.

इथे लोक दोन-तीन ठिकाणी फसतात. पहिली गोष्ट, नंबर असला की झालं असं नाही. हीच परिषद विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ अशा अनेकांची नोंद करते, आणि नंबर त्या सगळ्यांना मिळतो. म्हणून नावासमोरचा प्रवर्ग वाचा. तिथे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे शब्द हवेत. ‘रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट’ हा वेगळा प्रवर्ग आहे. अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांसोबत त्यांचं काम मोलाचं असतं, पण मंत्रचळावरच्या, म्हणजे तुमच्या दिरांसारख्या त्रासावरच्या, उपचारांचं प्रशिक्षण त्यात धरलेलं नाही. दुसरी गोष्ट, नोंदीला मुदत असते आणि तिचं नूतनीकरण करावं लागतं. ती तारीख बघा. तिसरी गोष्ट उलट बाजूची : नाव सापडलं नाही म्हणून लगेच माणूस खोटा ठरवू नका. माहेरचं-सासरचं आडनाव, मधलं नाव, इंग्रजी स्पेलिंग यांत फरक असतो. नोंद करताना राज्य दुसरं असू शकतं. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत किंवा रांचीत शिकून मुंबईत आलेले पुष्कळ आहेत. राज्याचा रकाना मोकळा ठेवून किंवा नुसत्या नंबराने पुन्हा शोधा. तरीही मिळालं नाही तर प्रमाणपत्राची प्रत मागा.

आता ‘डॉ.’ बद्दल. साय.डी. सोडली तर ते सहसा तीन तऱ्हांनी लागलेलं असतं. एम.बी.बी.एस. करून मानसोपचारात एम.डी., डी.पी.एम. किंवा डी.एन.बी. केलेले मानसोपचारतज्ज्ञ, यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि औषध लिहिण्याचा अधिकार यांना असतो. दुसरे मानसशास्त्रात पीएच.डी. केलेले; ती संशोधनाची पदवी आहे, तिच्यात रुग्णांवर उपचाराचं प्रशिक्षण असेलच असं नाही. तिसरे, कुठल्याशा संस्थेची ‘मानद’ डॉक्टरेट घेतलेले. तुम्ही लिहिलेल्या पाटीवर पदवीच नसेल तर विचारल्याशिवाय आत जाऊ नका. हिप्नोथेरपी आणि लाइफ कोचिंगची सर्टिफिकेटं काही दिवसांच्या कोर्समध्येही मिळतात, आणि मंत्रचळासाठी संमोहन हा पहिल्या पसंतीचा उपचार नाही.

तुमच्या दिरांचं वर्णन ओसीडीकडे, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत मंत्रचळाकडे बोट दाखवतं. निदान तज्ज्ञच करतील. पण हा त्रास असा आहे की त्यात नोंदणी असलेला माणूस मिळूनही चुकीचा उपचार होऊ शकतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

यावरची मानसोपचाराची सिद्ध पद्धत ई.आर.पी. नावाने ओळखली जाते : भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. आधी भीतींची यादी होते आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर असे गुण दिले जातात. दाराच्या कडीला हात लावणं तीसवर, लोकलचा दांडा साठवर, सार्वजनिक शौचालयाचा नळ नव्वदवर, असं काहीतरी. मग खालच्या पायरीपासून सुरुवात. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. घालमेल वाढते, काही वेळ टिकते, आणि न धुताही ओसरते. हा अनुभव मेंदूला पुन्हापुन्हा मिळावा लागतो, त्यामुळे सेशनच्या अधल्यामधल्या दिवसांत घरी रोज सराव असतो. साधारण १२ ते २० सेशन धरून चाला.

‘बसून बोलूया, धीर देऊया’ या तऱ्हेचं समुपदेशन इथे फसतं ते यामुळे, की धीर देणं हेच आजाराचं खाद्य असतं. ‘गॅस बंद आहे ना?’ असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही ‘हो, आहे’ म्हणालात की त्यांची भीती पाच मिनिटं शमते आणि दुप्पट जोराने परत येते. चांगला उपचारक घरच्यांना एकदा तरी बोलावून हे उत्तर हळूहळू कसं बंद करायचं ते शिकवतो. तेव्हा फोनवर नेमकं हेच विचारा : ‘ओसीडीचे रुग्ण तुम्ही नियमित बघता का? ई.आर.पी. करता का? घरच्यांना त्यात घेता का?’ उत्तर ‘आम्ही सगळंच करतो’ असं मोघम आलं तर दुसरं नाव शोधा.

रोजचं काम अडतंय त्या अर्थी मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. ओसीडीत औषधांचा परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात आणि डोसही बरेचदा जास्त लागतो. महिनाभरात ‘गोळ्यांनी काही होत नाही’ म्हणून सोडू नका, आणि मनाने अचानक बंद तर मुळीच करू नका.

प्रश्न : मुलगा चौथीत, मराठी माध्यम. तोंडी सगळं येतं, पण लिहिताना अक्षरं गाळतो, वाचताना अडखळतो. शाळेने ‘एलडीची टेस्ट करून आणा’ सांगितलं. एका सेंटरने बोटांचे ठसे घेऊन जाडजूड रिपोर्ट दिला, फी पाच हजार. त्यात त्याला ‘उजव्या मेंदूचा’ म्हटलंय. शाळा तो रिपोर्ट घेत नाही. आता काय करू?
— एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : शाळेचं बरोबर आहे. ठशांवरून बुद्धी किंवा कल सांगणाऱ्या त्या चाचणीला, जी डी.एम.आय.टी. नावाने विकली जाते, शास्त्रीय आधार नाही. त्या रिपोर्टवरून मुलाबद्दल काहीही ठरवू नका, आणि त्याच्यासमोर त्यातली वाक्यं वाचूही नका. मुलं अशी विशेषणं मनाला लावून घेतात.

खऱ्या तपासणीचा क्रम असा. आधी डोळे आणि कान. चष्म्याचा नंबर किंवा कमी ऐकू येणं सुटून गेलं तर पुढची सगळी मापं चुकतात. मग बालरोगतज्ज्ञ. त्यानंतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे बुद्धिमत्ता चाचणी, कारण एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता, याचा अर्थ बुद्धी नेहमीसारखी असूनही वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने मागे राहणं. म्हणून दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. आपल्याकडे वेक्स्लरची भारतीय आवृत्ती, मलिन यांची चाचणी आणि बिने-कामत या चाचण्या वापरात आहेत. बिने-कामतचे मापदंड जुने आहेत आणि जुन्या मापदंडावर गुणांक थोडा फुगून येऊ शकतो; कोणती चाचणी वापरणार हे आधीच विचारा. वाचन-लेखनासाठी निमहान्सची चाचणीमाला वापरतात, तीही मुलाच्या माध्यमाच्या भाषेत. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन ‘डिस्लेक्सिया’ ठरवलेलं चालत नाही. वय ८ पूर्ण होण्याआधी पक्कं निदान करत नाहीत. तुमचा मुलगा त्या वयाचा झालाय.

हे सगळं एका बैठकीत उरकत नाही. दोन-तीन वेळा जावं लागेल, प्रत्येक वेळी तास-दीड तास. मूल सकाळी ताजंतवानं असताना, पोटभर खाऊन गेलेलं बरं. ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. आणि कृपा करून यूट्यूबवरून ‘तयारी’ करून नेऊ नका. प्रश्न ओळखीचे झाले की चाचणीच बाद होते, आणि तीच चाचणी काही महिन्यांतच पुन्हा घेता येत नाही.

रिपोर्ट हातात आला की पाहा : चाचण्यांची नावं आणि तारखा, नुसता एक आकडा न देता उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण, चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मूल कसं वागत होतं याची नोंद, शाळेने आणि घरी काय करावं याच्या सूचना, आणि शेवटी सही व नोंदणी क्रमांक. ‘बुद्ध्यांक १०४, एलडी आहे’ एवढ्यावर संपणारा रिपोर्ट परत करा आणि पूर्ण मागा.

परीक्षेतल्या सवलतींसाठी, म्हणजे जादा वेळ, लेखनिक वगैरेंसाठी, खासगी रिपोर्ट सहसा पुरत नाही. सरकारने नेमलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. पुण्यात ससूनमध्ये चौकशी करा. मुंबईच्या वाचकांसाठी : सायन, नायर आणि केईएम इथे ही तपासणी होते. रांग मोठी असते, दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा आठवीपर्यंत नंबर लावलेला चांगला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता २१ दिव्यांगत्वांच्या यादीत आहे. त्याखालच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर करावा लागतो. प्रमाणपत्राची वाट बघत शिकवणं मात्र थांबवू नका. विशेष शिक्षकाकडून आठवड्यातून दोन-तीनदा नेमका सराव आजपासून सुरू करता येतो, आणि मुलाला खरा फायदा त्याचाच होणार आहे.

प्रश्न : अंधेरीत एका सेशनला दोन हजार मागतात. माझा पगार २८ हजार, त्यात भाडं. दर आठवड्याला कसं परवडायचं? स्वस्तात जाणं म्हणजे कमी दर्जाचं का?
— २६ वर्षांची वाचक, मुंबई

उत्तर : मुळीच नाही. उलट मुंबईतले कितीतरी अनुभवी लोक सार्वजनिक रुग्णालयांतच सापडतात.

केईएम, सायन, नायर, कूपर आणि जे.जे. इथे मानसोपचार विभागाची ओपीडी असते. केसपेपरला नाममात्र पैसे लागतात. सकाळी लवकर जा, केसपेपरची खिडकी दुपारपर्यंत चालू राहीलच असं धरू नका. पहिल्या दिवशी सहसा निवासी डॉक्टर बघतात आणि वरिष्ठांशी बोलून पुढचं ठरतं. तिथे स्पष्ट सांगा : ‘मला औषधांबद्दल तुम्ही सांगाल ते ऐकायचं आहे, पण बोलून करायच्या उपचारासाठी सायकॉलॉजिस्टकडे पाठवाल का?’ हे वाक्य न बोलल्यामुळे पुष्कळ जण नुसत्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परततात, आणि गर्दीत डॉक्टरांच्याही ते ध्यानात राहत नाही. सायकॉलॉजिस्टची तारीख लगेच मिळेलच असं नाही आणि दोन तारखांत अंतर जास्त पडतं, ही तिथली खरी अडचण. जुने कागद, चालू औषधांचे रॅपर आणि रक्ततपासण्या सोबत न्या. थकवा, उदासी असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ झालेलं नसल्यास तेही विचारा. या तिघांतलं काही बिघडलं की चित्र बरंच नैराश्यासारखं दिसतं.

ठाणे आणि पुण्यात येरवडा इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. नावामुळे लोक बिचकतात, पण ओपीडीत दाखवायला भरती व्हावं लागत नाही. ठाण्यातली आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून याच कामात आहे. ज्या संस्थांत एम.फिल.चे वर्ग चालतात तिथे शिकाऊ उपचारकांकडून कमी खर्चात सेशन मिळतात. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नका. त्यांची प्रत्येक केस वरिष्ठांनी बघितलेली असते, आणि रिपोर्टवर वरिष्ठांची सही असते. विचारायचं एवढंच : देखरेख कोण करतं, आणि यांची बदली किंवा कोर्स केव्हा संपतो. मधेच माणूस बदलला की उपचार विस्कटतो.

खासगीत मुंबईत साधारण हजार ते तीन हजार अशी फी दिसते. तीतही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी काही जागा राखणारे अनेक आहेत, पण ते पाटीवर लिहीत नाहीत; विचारावं लागतं. लाजू नका, असा निरोप पाठवा :

‘नमस्कार. वय २६, नोकरी करते. चार महिने झोप लागत नाही, कामावर जायची धास्ती वाटते. मराठीत बोलायचं आहे. आपला सी.आर.आर. नंबर, फी, सेशनची वेळ किती मिनिटं आणि रद्द केल्यास काय नियम, हे कळवाल का? मला महिन्याला दोन हजारांपर्यंत जमेल. तेवढ्यात शक्य नसेल तर दुसरं कोणी सुचवाल का?’

एवढ्यावरून समोरच्याला सगळं कळतं, आणि ‘दुसरं कोणी सुचवाल का’ या वाक्याने बऱ्याचदा काम होतं. पंधरवड्याला एकदा जाऊन मधे घरचा अभ्यास नीट केला तरी सौम्य-मध्यम त्रासात फरक पडतो. कंपनीच्या विम्यात किंवा योजनेत मोफत सेशन आहेत का तेही बघा, मात्र एच.आर.कडे नेमकं काय पोचतं हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

‘वीस सेशनचे पैसे आगाऊ भरा, सूट देतो’ असं कोणी म्हणालं तर भरू नका. पहिल्या भेटीत तुम्हाला किती सेशन लागतील हे खात्रीने सांगताच येत नाही. ‘तीन सेशनमध्ये शंभर टक्के बरं करतो’, ‘आधी गोळ्या बंद करा मग माझ्याकडे या’, पूर्वजन्माच्या गोष्टी, क्लिनिकबाहेर भेटायचा आग्रह : यातलं एकही दिसलं तरी उठून या. सायकॉलॉजिस्टने गोळ्या लिहून देणं किंवा बंद करायला सांगणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्याही विरुद्ध आहे. आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचा उपचार सुचवायला त्यात मनाई आहे.

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा, मुंबईत नोकरीला. एका सायकॉलॉजिस्टकडे जातो असं त्याच्या मित्राकडून कळलं. मी फोन केला तर त्या बाईंनी ‘काही सांगू शकत नाही’ म्हणून ठेवून दिला. बाप म्हणून मला हक्क नाही का?
— एक वडील, सातारा

उत्तर : काळजी समजते. पण त्या बाईंनी केलं ते योग्यच केलं, आणि त्यावरून तुमचा मुलगा जबाबदार माणसाकडे जातोय हेही कळतं. मुलगा सज्ञान आहे. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ प्रमाणे त्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याचा आहे. तो तिथे येतो की नाही, एवढंसुद्धा त्यांनी सांगायचं नसतं.

अपवाद आहेत : त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा मुलानेच तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या वतीने साथ देणारा माणूस, नेमलं असेल. ही नेमणूक साध्या कागदावर त्याने लिहून सही केली की होते. अठरा वर्षांखालच्या मुलांचं वेगळं; तिथे पालकच सहसा प्रतिनिधी असतात. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कोणालाही टाळता येत नाही, मानसशास्त्रज्ञालाही नाही. चांगले उपचारक या मर्यादा पहिल्याच दिवशी सांगतात.

तुमचं ऐकून घ्यायला मात्र त्या बाईंना बंदी नाही. तुम्हाला काही काळजीचं दिसलं असेल, समजा तो जेवत नाही, निरवानिरवीची भाषा करतो, तर तेवढंच लिहून पाठवा आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नका. मुलाला मात्र ‘मला सगळं कळलंय’ म्हणून फोन करू नका. ‘तू बरा आहेस ना, मी रविवारी येऊ का?’ एवढं पुरे.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर सायकॉलॉजिस्टच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याला एकटं ठेवू नका, जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या किंवा ११२ लावा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तिथे तुम्ही वडील म्हणूनही बोलू शकता.

प्रश्न : सहा-सात महिने जातेय. मॅडम प्रेमळ आहेत, बोलून बरं वाटतं, पण पॅनिक अटॅक तसेच येतात. बदलावं का? वाईट वाटेल त्यांना.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक तुम्ही स्वतःच ओळखला आहे. पॅनिकवरचा उपचार ठरीव बांधणीचा असतो, आणि त्यात अटॅकची संख्या, तीव्रता, टाळलेल्या जागा यांची नोंद ठेवतात. दीड-दोन महिन्यांत त्या नोंदीत काहीतरी हलायला हवं. आधी त्यांनाच विचारा : ‘आपलं उद्दिष्ट काय ठरलं होतं, आणि आपण कुठवर आलो?’ यातून बरेचदा उपचाराची दिशाच सुधारते. हृदय आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या.

तरीही बदलायचं ठरलं तर एक शेवटचं सेशन घ्या आणि उपचाराचा लेखी गोषवारा मागा. आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळणं हा कायद्याने तुमचा हक्क आहे. नव्या ठिकाणी तो कागद दिला की पहिल्या दोन भेटी वाचतात. त्यांना वाईट वाटेल याचं ओझं तुम्ही घेऊ नका. रुग्ण दुसरीकडे सोपवणं हा त्यांच्या कामाचा नेहमीचा भाग आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. सासूबाई इथे आल्यापासून खचल्या आहेत, इंग्रजी येत नाही. पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञांशी व्हिडिओवर बोलणं चालेल का?
— एक वाचक

उत्तर : अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो आणि रुग्ण ज्या राज्यात बसलेला आहे तिथले नियम लागू होतात. पुण्यातल्या तज्ज्ञांकडे तिथला परवाना नसेल तर अनेक जण नकार देतील, आणि तो त्यांचा प्रामाणिकपणा समजा. न्यू जर्सीचा परवाना असलेले मराठी, निदान हिंदी बोलणारे उपचारक आधी शोधा. सासूबाई भारतात परतणार असतील तर इथली पहिली भेट आत्ताच ठरवून ठेवा. नावं विसरणं, वेळकाळाचा गोंधळ असं काही सोबत दिसत असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांकडून स्मृतीची तपासणी करून घ्या, दुभाषी मागून. रुग्णालयांत तो मिळतो.

प्रश्न : सेशनची बिलं मेडिक्लेममध्ये मिळतात का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असं २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. पण साध्या मेडिक्लेममध्ये भरतीचाच खर्च मिळतो. सेशन हा ओपीडीचा खर्च धरला जातो. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा भाग असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आधी घ्या, नंतर सेशन सुरू करा. मागून आणलेल्या चिठ्ठीवर दावा अडतो. प्रत्येक पावतीवर रुग्णाचं पूर्ण नाव, तारीख, रक्कम, उपचारकाची सही आणि सी.आर.आर. नंबर हवा. महिन्याची एकत्र पावती काही कंपन्या परत पाठवतात, त्यामुळे दर भेटीची वेगळी मागा. प्रस्ताव अर्जात आधीचा मानसिक आजार लपवू नका, कारण पुढे दुसऱ्याच कुठल्या आजाराच्या दाव्यातही तो मुद्दा काढून दावा फेटाळला जाऊ शकतो.